निरोप आणि सूचना
(मंडळाच्या वर्धापनदिनी मावळत्या चिटणीसांनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मावळत्या चिटणिसाने चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. चार शब्द म्हणून सुरुवात करायची आणि आत ठेवलेले चहाचे आधण आटून जाईपर्यंत थांबायचे नाही, हाही तितकाच जुना परिपाठ आहे. पहिला मी पाळते, दुसरा मोडण्याचा प्रयत्न करते.

अध्यक्षाबाईंनी मला ‘स्त्रिया आणि सार्वजनिक कार्य’ हा विषय सुचवला होता. विषय मोठा आणि माझा आवाका लहान. म्हणून त्याचा एक लहानसा कोपरा तेवढा घेते. नगरपालिकेच्या सभेत जाणाऱ्यांना निरोप दिला जातो आणि उठता उठता काही सूचना वाचल्या जातात, त्यांविषयी मी बोलणार आहे. हा काय विषय झाला, असे कोणाला वाटेल. मलाही तसेच वाटत असे. पुढे पाण्याचे हंडे रिकामे राहिले, तेव्हा माझे मत बदलले.

आपल्यापैकी काहींना आठवत असेल, डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या गावच्या नगरपालिकेची मुदत संपत आली होती. शेवटची सर्वसाधारण सभा होती. करोनाची धास्ती पुरती गेली नव्हती, म्हणून तोंडावर मास्क लावून मंडळाच्या आम्ही चौघीजणी परवानगी घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसलो. बालवाडीच्या गळक्या छपराचा आमचा अर्ज विषयपत्रिकेवर होता, एवढेच आमचे निमित्त.

सभा रीतीप्रमाणे सुरू झाली. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले. दुखवट्याचा ठराव झाला, सर्वजण दोन मिनिटे उभे राहिले. मग बरेचसे विषय भराभर आटोपले, आमचे छप्परही ‘पुढील कार्यवाहीसाठी’ म्हणून मार्गी लागले, आणि निरोपाच्या भाषणांना प्रारंभ झाला. प्रत्येक सभासद उठला. प्रत्येकाने प्रत्येकाचे आभार मानले. पाच वर्षे ज्यांनी एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते त्यांनी एकमेकांस बंधू म्हटले. शाली झाल्या, श्रीफळे झाली, फोटो झाले. मी टीका म्हणून हे सांगत नाही. पाच वर्षे भांडलेली माणसे शेवटी हात जोडून उठतात, ही काही वाईट गोष्ट नव्हे. घराघरात तेवढे झाले तरी पुष्कळ!

पण या सगळ्याला दोन तास लागले. आणि मग, खुर्च्या सरकू लागल्या असताना, चहाच्या पेल्यांचा आवाज येत असताना, एका कारकुनाने उभ्या उभ्या सूचना वाचल्या. घरपट्टीच्या सवलतीची मुदत अमुक तारखेपर्यंत. अमुक गल्लीतील गटाराचे काम सुरू होणार. पाणीपुरवठा विभागातील एक कर्मचारी ३१ डिसेंबर रोजी सेवानिवृत्त होत आहेत, त्यांच्या सेवेची नोंद घेण्यात येत आहे. सभा संपल्याचे जाहीर झाले. या सूचनांना पुरते एक मिनिटही लागले नसेल. आम्ही चौघींनीही त्या ऐकल्या आणि तिथेच सोडून दिल्या. आमचे लक्ष शालींच्या रंगाकडे होते, हे कबूल करते.

तो ‘एक कर्मचारी’ म्हणजे आपले पाणी सोडणारे काका. खांद्यावर लांब लोखंडी चावी घेऊन पहाटे गल्लीगल्लीतून फिरणारे, रस्त्यातले झाकण उचलून व्हॉल्व्ह फिरवणारे. तीस वर्षांहून अधिक काळ गावाने त्यांच्या सायकलच्या घंटीवर नळाखाली हंडे लावले. त्यांचे आडनाव आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक होते, हे मी विचारीत नाही, कारण मलाही ते ठाऊक नव्हते.

जानेवारी उजाडला आणि वरच्या आळीचे पाणी बंद झाले. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. नवा माणूस आला होता, बिचारा मन लावून काम करीत होता. पण कोणता व्हॉल्व्ह कोणत्या नळाचा, वरच्या आळीला पाणी चढवायचे तर खालचे कोणते दोन आधी आवळायचे, कोणता उलटा फिरतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. जुना नकाशा होता तो पहिल्या टाकीच्या वेळचा. त्यानंतर गाव दुप्पट वाढले आणि नकाशा तेवढाच राहिला. वाढलेल्या गावाचा नकाशा काकांच्या डोक्यात होता, आणि काका रीतसर सेवानिवृत्त होऊन लेकीकडे गेले होते. वरच्या आळीने अकरा दिवस टँकरचे पाणी भरले. त्या आळीत दोन बाळंतिणी होत्या. एक आजी कळशी घेऊन उतरताना पडल्या, त्यांचे मनगट मोडले. अकराव्या दिवशी काकांना फोन करून बोलावून घेतले, तेव्हा पाणी चढले.

आता यात दोष कोणाचा, हा वाद मला घालायचा नाही. त्या सूचनेच्या वेळी आम्ही चौघीही त्या सभागृहातच होतो. आमच्यापैकी एकीने जरी उठून, ‘साहेब, मग त्यांचे काम कोणाला समजावून दिले आहे?’ एवढे विचारले असते, तरी कदाचित त्या आजींचे मनगट शाबूत राहिले असते. ही रुखरुख माझ्या मनातून गेलेली नाही, आणि आज मी याच विषयावर बोलते आहे त्याचे कारणही हेच.

भगिनींनो, आपण बायका परगावी जायला निघतो तेव्हा काय करतो? शेजारणीला हाक मारतो. दूधवाल्याचे इतके देणे आहे, गॅसचे पुस्तक फडताळात आहे, तुळशीला पाणी घाला, मांजर आले तर हाकला. हे सगळे सांगून झाले की मग चपला घालतो. आणि निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. आपल्या भाषेने निरोपाचा अर्थ असा ठरवून ठेवला आहे. निरोप म्हणजे गोड बोलून निघून जाणे नव्हे. निरोप म्हणजे हिशेब देणे आणि सोपवून जाणे. कचेरीत याला ‘चार्ज देणे’ म्हणतात. ज्या निरोपात चार्ज दिला जात नाही, तो निरोप अर्धाच झाला.

नगरपालिकेच्या बाबतीत तर निरोप हा कायद्यातच लिहून ठेवलेला आहे. आपल्या संविधानात ७४ वी दुरुस्ती झाली, ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की नगरपालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षे, त्याहून अधिक नाही. म्हणजे ज्या दिवशी सभासद निवडून येऊन पहिल्या सभेला बसतो, त्या दिवशीच त्याच्या निरोपाची तारीख ठरते. घरातली सत्ता अशी मुदतीची नसते, हे आपण सुना-सासवा जाणतोच! पण गावची सत्ता मुदतीची आहे, आणि म्हणून तिथे सोपवण्याची रीत घरापेक्षा चोख हवी.

निरोपाच्या समारंभांचा इतिहासही मोठा आहे. लॉर्ड रिपन यांनी १८ मे १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याचा पाया घातला. डिसेंबर १८८४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून निघाले, तेव्हा कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत लोकांनी त्यांना मानपत्रे दिली, मिरवणुका काढल्या. परका अंमलदार, पण लोकांना त्याचा निरोप मनापासून द्यावासा वाटला, कारण तो जाताना काहीतरी लोकांच्या हाती ठेवून जात होता.

याच्या उलट एक गोष्ट आपल्या पुण्याची आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागताला एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. मत देताना त्या सभेत विरोध करणारे ते एकटेच होते. ठराव मंजूर झाला. पण आज त्या सभेतील इतरांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, आणि तो एक नकार मात्र आपण सांगतो आहोत. शाल-श्रीफळाच्या वेळी एखादा साधा प्रश्न विचारायला किती धैर्य लागते, हे यावरून कळते.

आता सूचना आणि ठरावांविषयी. सभेत वाचलेली गोष्ट म्हणजे झालेली गोष्ट, असा आपला भाबडा समज असतो. त्यावर महाडची हकीकत लक्षात ठेवावी. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांनाही खुल्या असाव्यात. त्याला अनुसरून १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे ठरवले. कागद झाला. पण तळ्याचे पाणी त्या लोकांच्या ओंजळीत आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याबरोबर हजारो माणसांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले. पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल यावे लागले. ठराव आणि पाणी यांच्यामध्ये केवढे अंतर असू शकते, ते पाहा. महाडच्या त्या अन्यायाशी आमच्या अकरा दिवसांची बरोबरी करणे मला शोभणार नाही. एवढेच म्हणते, की सभेत वाचलेल्या शब्दामागे कोणीतरी चालत जावे लागते.

आणि स्त्रिया या कामी नवख्या आहेत असेही समजू नका. १९२० च्या सुमारास पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा प्रश्न आला, तेव्हा मुलींना त्यातून वगळू नये म्हणून स्त्रियांनी नगरपालिकेवर मोर्चा नेला. रमाबाई रानडे त्या चळवळीत पुढे होत्या. त्या वेळी सभागृहाच्या आत बायकांसाठी एकही राखीव जागा नव्हती. १९९३ नंतर एकतृतीयांश जागा आल्या, आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. बाहेर उभ्या राहणाऱ्यांच्या नाती-पणती आज आत बसतात. म्हणून आता निरोप पोकळ झाला किंवा सूचना गडबडीत वाचली गेली, तर ‘पुरुषांची सभा’ म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

आता गोष्टीचा पुढचा भाग. काका गावात आले तेव्हा आपल्या मंडळाने त्यांना इथे, याच खोलीत बोलावले. शाल दिली, नारळ दिला, आणि आपल्या सुगरणींनी केलेले बेसनाचे लाडू दिले. काका संकोचून दारातच उभे होते. मग आम्ही त्यांना म्हटले, ‘काका, आता तुम्ही बोला, आम्ही लिहून घेतो.’ त्यानंतर तीन दिवस शिवणवर्गाच्या दोन मुली आणि नवा माणूस, असे तिघे काकांबरोबर पहाटे हिंडले. शंभर पानी वहीत एकेका व्हॉल्व्हची जागा लिहिली. ‘मारुतीच्या पारापासून सात पावले, फरशीखाली’, ‘हा उलटा फिरतो’, ‘पावसाळ्यात यात पाणी साचते, आधी उपसावे’, अशा नोंदी. एकंदर तेवीस व्हॉल्व्ह निघाले. त्यातले सहा कोणत्याच कागदावर नव्हते. वहीची एक प्रत नगरपालिकेत देऊन आम्ही शिक्क्याची पोच घेतली, एक प्रत आपल्या कपाटात आहे. शेवटच्या दिवशी काका म्हणाले, ‘बाई, आता मला रिटायर झाल्यासारखं वाटतंय.’ सभेतल्या दोन तासांच्या भाषणांत मला निरोपाचा अर्थ कळला नव्हता, तो या एका वाक्यात कळला.

यानंतर जे झाले ते आपण सर्वांनीच अनुभवले. मुदत संपली, पण निवडणूक झाली नाही. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात होता. महाराष्ट्रातील बहुतेक नगरपालिकांवर प्रशासक आले आणि वर्षांमागून वर्षे तेच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिला, आणि अखेर डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. म्हणजे जवळजवळ चार वर्षे निवडून आलेल्यांची सभाच भरली नाही. प्रशासकांनी कामे केली नाहीत असे मी म्हणणार नाही. काही कामे भराभर झाली. पण मागच्या बाकावर जाऊन बसावे अशी सभा नव्हती. हात वर करावा असा कोणी समोर नव्हता. आमच्या बालवाडीच्या छपराचे विचारावे, तर ‘ज्यांनी ठराव केला ते आता पदावर नाहीत’ असे उत्तर. ज्या लांबलचक भाषणांना आम्ही नाके मुरडली होती, त्या सभेची आठवण येऊ लागली. भाषणे कंटाळवाणी असोत, पण सभा असावी. कंटाळा आला तर मागे बसून जांभई देता येते; सभाच नसेल तर जांभई द्यायलाही जागा उरत नाही!

आता नवे सभासद निवडून आले आहेत. त्यात आपल्या ओळखीच्या भगिनीही आहेत. त्यांचे अभिनंदन आपण केलेच. आता थोडे काम आपलेही आहे. मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवते.

पहिली: प्रत्येक सर्वसाधारण सभेला मंडळाच्या दोघींनी आळीपाळीने जाऊन बसावे. वही न्यावी. भाषणे लिहिली नाहीत तरी चालतील, शेवटच्या सूचना मात्र शब्दशः लिहाव्यात आणि दुसऱ्या दिवशी मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवाव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकाव्यातच, पण ज्या आजींच्या हाती तो फोन नाही, त्यांच्यासाठी फळा हवा. पूर्वी गावात दवंडी पिटत, ती घरात बसलेल्या बाईच्याही कानी पडे. फळा ही आपली दवंडी समजा.

दुसरी: ठरावाचे पुढे काय झाले हे विचारावे. इतिवृत्ताची नक्कल अर्ज करून मागता येते; सरळपणे मिळाली नाही तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेल्या भगिनींनी लक्षात ठेवावे, की आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी ग्रामसभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. तिथे जे बोलाल ते लिहून घ्यायला लावा. न लिहिलेले बोलणे वाऱ्यावर जाते.

तिसरी: कोणीही जात असेल, सभासद असो, परिचारिका असो, झाडूवाली मावशी असो, पाणी सोडणारे काका असोत, त्यांच्या निरोपाच्या वेळी शालीबरोबर एक प्रश्न द्यावा. ‘तुमचे काम आता कोण पाहणार, आणि त्याला काय काय सांगायचे राहिले आहे?’ यात अपमान कोणाचाच नाही. उलट आपल्या कामाची कोणाला तरी गरज आहे, हे कळून जाणाऱ्याला बरेच वाटते.

आणि लोकाला सांगे ब्रह्मज्ञान, असे होऊ नये म्हणून आता माझा चार्ज देते. सहा वर्षे मी चिटणीस होते. जमाखर्चाचे पुस्तक आजच्या तारखेपर्यंत लिहून पुरे केले आहे, ते तपासून सही झालेली आहे. कपाटाच्या दोन किल्ल्या आहेत. एक नव्या चिटणीसबाईंच्या हाती आताच देते, दुसरी अध्यक्षाबाईंकडे आहे. कपाटाचे दार थोडे उचलून लावावे लागते, नाहीतर कुलूप बसत नाही. शिवणवर्गाचे एक यंत्र दुरुस्तीला दिले आहे, त्याची पावती वहीच्या पहिल्या पानाला टाचली आहे. व्हॉल्व्हची वही वरच्या खणात आहे. नवी गल्ली झाली की तिच्यात भर घालावी. आणि एक काम माझ्या हातून झाले नाही: बालवाडीचे छप्पर अजून गळते आहे. अर्ज, ठराव क्रमांक आणि पोच, सर्व कागद एका निळ्या फाइलीत लावले आहेत. हे अपयश माझे म्हणून लिहा, पण फाइल बंद करू नका.

शेवटी सूचना. त्या मी मुद्दाम सावकाश वाचते, आणि कोणी उठू नये अशी विनंती आहे. नगरपालिकेच्या पुढील सभेची तारीख कळताच ती फळ्यावर लिहिली जाईल; पहिल्या पाळीला मी आणि नव्या चिटणीसबाई जाणार आहोत. वरच्या आळीचे पाणी उद्या दुरुस्तीमुळे उशिरा येईल, असे कळले आहे. आजच भरून ठेवा. आणि चहा तयार आहे, तो मात्र आटलेला नाही, अशी आशा करते.

 आता शेवटच्या रांगेत बसून प्रश्न विचारण्याचे काम मी करीन.

येते मी.